भारविभागणी व भारसंतुलन : संगणकजालातील दोन संज्ञांचा इतिहास आणि पनवेलची साक्ष

१

संगणकजालाच्या परिभाषेत ‘लोड शेअरिंग’ व ‘लोड बॅलन्सिंग’ ह्या दोन संज्ञा पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. यंत्रे विकणाऱ्यांच्या पुस्तिकांत त्या समानार्थी म्हणून येतात, आणि त्या मराठीत उतरविताना दोहोंसाठी ‘भारवाटप’ हा एकच शब्द योजण्याचा मोह होतो. प्रश्न केवळ शब्दांच्या नेमकेपणाचा असता, तर तो कोशकारांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु ह्या दोन संज्ञांमागे दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांचे हेतू भिन्न, साधने भिन्न आणि फसण्याच्या वाटाही भिन्न आहेत. एकीची अपेक्षा दुसरीकडून केली, की कागदावर सुरक्षित दिसणारी व्यवस्था प्रसंगी कोसळते. पनवेलच्या परिसराने अशा कोसळण्याचा अनुभव अगदी जवळून घेतला आहे. यास्तव ह्या दोन संज्ञांचा इतिहास तपासणे उपयुक्त ठरेल.

प्रथम भेद थोडक्यात मांडावा. एकच काम करू शकणारे अनेक मार्ग वा अनेक यंत्रे उपलब्ध असता, त्या सर्वांना कामाला लावणे म्हणजे भारविभागणी. प्रत्येकाच्या वाट्याला किती आले ह्याची पाहणी तीत अभिप्रेत नाही. एखाद्या ठरीव नियमाने वाटे पडले, म्हणजे विभागणी झाली. प्रत्येकावर प्रत्यक्ष किती भार आहे हे मोजून, तो सारखा अथवा ज्याच्या त्याच्या कुवतीच्या प्रमाणात राहील असे वाटप सतत सुधारीत राहणे म्हणजे भारसंतुलन. संतुलनात विभागणी गृहीतच असते. विभागणीत मात्र संतुलन असेलच असे नाही.

२

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती येथे बोधक आहे. ‘शेअर’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील कापणे, तुकडा करणे ह्या अर्थाच्या शब्दापासून आला. ‘बॅलन्स’ हा लॅटिनमधील ‘दोन पारड्यांचे’ ह्या अर्थाच्या शब्दापासून, फ्रेंचच्या द्वारे आला. पहिल्यात सुरी आहे, दुसऱ्यात तराजू आहे. मराठीतही नेमकी हीच जोडी आढळते. ‘वाटणे’, ‘वाटा’, ‘वाटप’, ‘वाटणी’ हा शब्दपरिवार संस्कृत ‘वण्ट्’ ह्या विभागणीवाचक धातूशी निगडित आहे, तर ‘तोल’, ‘समतोल’, ‘संतुलन’ हे सर्व ‘तुल्’ धातूचे आणि ‘तुला’ ह्या शब्दाचे वंशज होत. ‘भार’ हा शब्द ‘भृ’ म्हणजे वाहणे ह्या धातूपासून आला असला, तरी प्राचीन मापनपद्धतीत तो एका निश्चित वजनाचेही नाव होता : शंभर पलांची एक तुला व वीस तुलांचा एक भार. व्युत्पत्तीवरून शास्त्रीय संज्ञेचा अर्थ सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु तंत्रज्ञांनी जो भेद पुसट केला, तो भाषेने जपून ठेवला आहे, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

हा भेद लोकव्यवहारालाही अपरिचित नव्हता. पालखीचा भार भोई वाटून घेतात. उंच भोयाच्या खांद्यावर कमी-अधिक भार येतो, चढावर मागच्यांवर अधिक येतो. तरीही पालखी चालते, आणि एखादा थकला तर खांदेपालट होतो. कावडीचे तसे नाही. कावडीच्या दोन टोकांच्या घागरी सारख्या भरल्या नाहीत, तर कावड एका बाजूस कलते; वाहणाऱ्याला तो कल खांद्यावर सतत जाणवत असतो आणि त्याप्रमाणे तो दांडी सरकवीत असतो. पालखी हे विभागणीचे उदाहरण, कावड हे संतुलनाचे. पालखीत वाहणारे अनेक असल्याने एक खचला तरी उरलेले सावरू शकतात. कावडीत मात्र तोल अचूक असूनही खांदा एकच असतो. संतुलन म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे सूत्र ह्या साध्या तुलनेतच दडलेले आहे.

आणखी एका मराठी शब्दाची नोंद येथेच घ्यावयास हवी. विजेच्या तुटवड्यामुळे काही भागांचा पुरवठा ठरवून बंद ठेवण्याच्या क्रियेस महाराष्ट्रात ‘भारनियमन’ म्हणतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत हा शब्द राज्याच्या खेडोपाडी रूढ झाला. इंग्रजी संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘भार टाकून देणे’ असा आहे. मराठी संज्ञेने त्याला नियमनाचे सौम्य रूप दिले. विभागणी आणि संतुलन ही दोन्ही अपुरी पडली, म्हणजे भार टाकून देणे हा तिसरा मार्ग उरतो, आणि संगणकजालातही गर्दीच्या वेळी काही मागण्या नाकारल्या जातात त्या ह्याच न्यायाने.

३

‘लोड’ ही संज्ञा संगणकशास्त्राची स्वतःची नव्हे. ती विद्युत्‌शास्त्राकडून व दूरध्वनिशास्त्राकडून आलेली आहे. पनवेलहून फार दूर नसलेल्या खोपोली येथे टाटांचे जलविद्युत्‌केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि लोणावळ्याच्या परिसरात साठविलेल्या पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे भिवपुरी व भिरा येथील केंद्रे अनुक्रमे १९२२ व १९२७ मध्ये त्यांच्या जोडीला आली. अशा व्यवस्थेत अनेक जनित्रे एकाच जालाला जोडलेली असतात. भार वाढला तर तो कोणी किती उचलावयाचा, हा प्रश्न तेथे क्षणोक्षणी उभा राहतो.

त्याचे जे उत्तर विद्युत्‌शास्त्राने काढले ते विभागणीचे उत्कृष्ट उदाहरण होय. प्रत्येक यंत्राच्या नियंत्रकाची योजना अशी असते, की भार वाढताच यंत्राची गती किंचित उतरावी. जालातील सर्व यंत्रांची वारंवारता एकच असल्यामुळे ही उतरण सर्वांना एकाच वेळी कळते, आणि प्रत्येक यंत्र आपल्या कुवतीच्या प्रमाणात वाढीव भार उचलते. एका यंत्राने दुसऱ्याची विचारपूस करावी लागत नाही. उलट, दोन यंत्रांनी आपापली गती काटेकोर स्थिर राखण्याचा हट्ट धरला, तर ती परस्परांशी झुंजू लागतात व एकच यंत्र सारा भार ओढून घेऊ शकते. थोडे नमते घेण्यातून विभागणी साधते, हा ह्या शास्त्राचा पहिला धडा.

दुसरा धडा दूरध्वनीचा. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील गणिती आग्नेर क्रारूप एरलांग ह्यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीच्या मागण्यांना संभाव्यताशास्त्र लावले आणि १९१७ मध्ये आपली प्रसिद्ध सूत्रे मांडली. त्यांच्या गणितातून निघणारा एक निष्कर्ष प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे : तारांचा एक मोठा गट हा तेवढ्याच तारांच्या दोन स्वतंत्र लहान गटांपेक्षा अधिक भार पेलतो. गट वेगळे केले, की एका गटात तार रिकामी आणि दुसऱ्यात ग्राहक ताटकळलेला, असा प्रसंग येतो. सरासरी भार दोन्हीकडे सारखा असला, तरी हा अपव्यय टळत नाही. अर्थात नुसती समसमान वाटणी पुरेशी नाही. रिकाम्या साधनाचा शोध घेता आला पाहिजे.

४

संगणकजालात हा प्रश्न १९६० च्या दशकात आला. पॉल बॅरन ह्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालमालिकेत, संदेशाचे लहान तुकडे करून ते अनेक मार्गांनी पाठविणाऱ्या विकेंद्रित जालाची कल्पना मांडली. काही गाठी नष्ट झाल्या तरी संदेश पोहोचावा, हा त्यांचा हेतू होता. तेव्हा अनेक मार्गांची योजना मुळात टिकून राहण्यासाठी झाली, समतोलासाठी नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ऑक्टोबर १९६९ मध्ये अमेरिकेत ‘आर्पानेट’ हे जाल सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या पद्धतीत प्रत्येक गाठ आपल्या शेजाऱ्यांना ‘अमुक ठिकाणी पोहोचण्यास किती विलंब लागेल’ ह्याचा अंदाज वारंवार कळवीत असे. रांगेची तत्क्षणीची लांबी हे विलंबाचे माप धरले होते. परिणामी मार्ग चंचल झाले आणि काही वेळा संदेश वर्तुळात फिरत राहू लागले. १९७९ मध्ये नवी पद्धत आली. तीत प्रत्येक गाठीजवळ साऱ्या जालाचा नकाशा असे आणि विलंब मोजून त्याची सरासरी घेतली जाई. जालावरील भार कमी असेतो ही पद्धत उत्तम चालली. भार वाढताच मात्र एक विलक्षण दोष प्रकट झाला. दोन समांतर दुव्यांपैकी एक गजबजला, की त्याचा विलंब सर्व गाठींना एकदम कळे व सर्व वाहतूक दुसऱ्या दुव्याकडे धाव घेई. मग दुसरा गजबजे, पहिला ओस पडे, आणि पुन्हा उलट. दोन दुवे असूनही एका वेळी एकाचाच उपयोग होई. १९८७ मध्ये मापनाच्या सूत्रास मर्यादा घालून ही आंदोलने आवरण्यात आली.

हा इतिहास ह्या दोन संज्ञांतील अंतर स्पष्ट करतो. आर्पानेटमध्ये मोजमाप होते, ते सर्वांना कळविले जात होते, हेतूही समतोलाचा होता; अभाव होता तो विभागणीचा, कारण एका गंतव्यासाठी एका वेळी एकच मार्ग निवडला जाई. शिवाय मोजमाप हातात पडेपर्यंत शिळे झालेले असे. शुक्रवारी सायंकाळी पनवेलपाशी पुण्याकडे निघालेल्या सर्व वाहनांना ‘जुना रस्ता मोकळा आहे’ अशी वार्ता एकाच क्षणी दिली, तर अर्ध्या तासात जुना रस्ता तुंबेल आणि द्रुतगती मार्ग ओस पडेल. वार्ता खोटी नसते; ती सर्वांना एकाच वेळी मिळते, हाच तिचा दोष.

पुढच्या पिढीतील मार्गनियमांनी म्हणून अधिक विनम्र वाट धरली. १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘ओएसपीएफ’ ह्या नियमावलीत सारख्या खर्चाचे अनेक मार्ग एकाच वेळी वापरण्याची मुभा आहे. रूटर येथे भार मोजीत बसत नाही. तो प्रत्येक संवादाचा उगम व गंतव्य ह्यांवरून एक अंक काढतो आणि त्या अंकाप्रमाणे त्या संवादाचे सर्व तुकडे एकाच मार्गाने धाडतो. एकेक तुकडा आळीपाळीने वेगळ्या मार्गाने धाडला, तर वाटणी अधिक सम होईल. परंतु तुकडे मागेपुढे पोहोचतात आणि घेणारा संगणक त्यास गहाळ झालेले समजून पुन्हा मागणी करतो. यास्तव क्रम राखण्यासाठी समतेचा बळी दिला जातो. एका मार्गावर दहा किरकोळ संवाद आणि दुसऱ्यावर एक अजस्र संवाद, अशी स्थिती त्यामुळे सहज संभवते. हिलाच भारविभागणी म्हणावयाचे. भारसंतुलन म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

५

संज्ञाभेदाची शास्त्रीय चर्चा जालापेक्षा वितरित संगणनाच्या क्षेत्रात अधिक काटेकोरपणे झाली. लिव्‌नी व मेलमन ह्यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले, की स्वतंत्र यंत्रांच्या समूहात एखादे यंत्र रिकामे व त्याच वेळी दुसऱ्यापाशी काम तिष्ठत, अशी स्थिती असण्याची संभाव्यता अपेक्षेपेक्षा पुष्कळ मोठी असते. एरलांगांच्या रिकाम्या तारेचीच ही नवी आवृत्ती होय. १९८६ मध्ये ईगर, लाझोव्स्का व झाहोर्जन ह्यांच्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले, की अगदी थोडी माहिती वापरणारे साधे नियमही बहुतेक लाभ पदरात पाडतात. गुंतागुंतीच्या नियमांनी त्यात फारशी भर पडत नाही. पुढच्याच वर्षी क्रूगर व लिव्‌नी ह्यांनी दोन हेतू स्पष्टपणे वेगळे केले. कोणतेही यंत्र रिकामे असता दुसरीकडे काम तिष्ठू नये, हा भारविभागणीचा हेतू. सर्व यंत्रांवरील भार सारखा करावा, हा भारसंतुलनाचा. दुसरा हेतू पहिल्याहून कठोर आहे, आणि तो साधण्यास कामे अधिक वेळा हलवावी लागतात. म्हणजे संतुलन हाही एक भार होतो.

१९९० च्या दशकात वेबच्या प्रसाराने हा प्रश्न सार्वत्रिक झाला. एका नावापाठीमागे अनेक सर्व्हर ठेवून त्यांचे पत्ते आळीपाळीने सांगण्याची रीत रूढ झाली, आणि एप्रिल १९९५ मधील एका इंटरनेट-निवेदनात नामव्यवस्थेतील ह्या विषयाची चर्चा ‘लोड बॅलन्सिंग’ ह्याच शीर्षकाखाली झाली. वस्तुतः नुसत्या आळीपाळीत तराजू नाही. कोणता सर्व्हर थकला आहे, कोणता बंद पडला आहे, हे पत्ता सांगणाऱ्यास ठाऊक नसते. शिवाय एकदा सांगितलेला पत्ता वाटेतील यंत्रे काही काळ जपून ठेवतात. शब्द संतुलनाचा, क्रिया विभागणीची, असा घोटाळा येथून रूढ झाला असे दिसते. त्यानंतर सर्व्हरांच्या पुढे उभे राहून त्यांची प्रकृती तपासणारी व त्याप्रमाणे मागण्या वळविणारी स्वतंत्र यंत्रे बाजारात आली, आणि ‘बॅलन्सर’ हे नाव त्यांना बऱ्याच अंशी सार्थ ठरले.

दोहोंचा सुरेख मेळ गणिताने घातला. अझार, ब्रोडर, कार्लिन व उप्फाल ह्यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले, की प्रत्येक काम डोळे मिटून कोठेही टाकण्याऐवजी कोणतीही दोन यंत्रे निवडून त्यांतील कमी भाराच्या यंत्रास दिले, तर सर्वाधिक भारलेल्या यंत्रावरील ताण कमालीचा उतरतो. सर्वांची पाहणी नको, पूर्ण अज्ञानही नको. दोन पारडी पुरेत.

६

आता पनवेलकडे वळावे. हे गाव पूर्वीपासून भाराच्या अदलाबदलीचे ठिकाण आहे. बोरघाटातून लोहमार्ग १८६३ मध्ये खुला होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेलच्या खाडीत उतरे आणि १८३० मध्ये तयार झालेल्या घाटरस्त्याने वर चढे. पुढे मुंबईचा भार हलका करण्यासाठी नव्या नगराची कल्पना निघाली व १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, तेव्हा त्या योजनेत पनवेल तालुक्यातील गावेही आली. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. खारघर, कळंबोली व कामोठे ह्या वसाहती तिच्याच हद्दीत आहेत.

जुलै २०२० मध्ये पनवेलजवळ हिरानंदानी समूहाच्या ‘योट्टा’ ह्या कंपनीच्या पहिल्या डेटा सेंटरचे उद्‌घाटन झाले. ७,२०० रॅकांची क्षमता असलेले हे केंद्र चतुर्थ श्रेणीचे म्हणून प्रमाणित आहे. ह्या श्रेणीचे तत्त्व प्रस्तुत विवेचनाशी थेट संबंधित आहे : कोणताही एक घटक निकामी झाला, तरी काम चालू राहिले पाहिजे. त्यासाठी वीज व शीतन ह्यांचे परस्परांपासून स्वतंत्र मार्ग लागतात. दुहेरी मार्गांच्या रचनेत दोन्ही मार्ग नित्य भार वाटून घेतात. परंतु त्यांपैकी प्रत्येक जण एकटा सर्व भार पेलू शकेल, इतका मोकळा ठेवलेला असतो. निम्म्याहून अधिक भार कोणावरही नाही, हे ह्या विभागणीचे पथ्य होय.

ते पथ्य मोडले तर काय होते, हे त्याच वर्षी सर्वांनी पाहिले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीज गेली. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. कोरोनाच्या साथीचे ते दिवस असल्याने रुग्णालयांची चिंता विशेष होती. त्या पहाटेपासून पडघे–कळवा दरम्यानच्या दोन उच्चदाब वाहिन्या एकामागून एक बंद झाल्या होत्या. त्यांचा भार उरलेल्या मार्गांवर, विशेषतः पुण्याकडून खारघरला येणाऱ्या वाहिनीवर सरकला. ती वाहिनीही बंद पडताच सारा प्रदेश अंधारात गेला. भार वाटला गेला होता, ह्यात शंका नाही. वाटेकरी कमी होताच उरलेल्यांना तो झेपेल इतकी जागा मात्र त्यांच्यापाशी शिल्लक नव्हती. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये खारघर–विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची नवी वाहिनी कार्यान्वित झाली, आणि मुंबईकडे येणाऱ्या मार्गांत एकाची भर पडली.

ह्या घटनेचे गणित संगणकजालास जसेच्या तसे लागू पडते. शंभर एकक क्षमतेचे दोन दुवे आहेत असे समजू. दोहोंवर सत्तर–सत्तर एकक भार असेल, तर समतोल निर्दोष आहे; परंतु एक तुटला तर दुसऱ्यावर एकशेचाळीस येतात व तोही कोलमडतो. उलट एकावर ऐंशी व दुसऱ्यावर दहा असा विषम भार असेल, तर कोणताही एक तुटला तरी नव्वद एककांचा भार दुसरा निभावून नेतो. पहिली व्यवस्था संतुलित, तरी असुरक्षित. दुसरी असंतुलित, पण सुरक्षित. देखरेख करणाऱ्याच्या पडद्यावर मात्र पहिलीचीच आकृती अधिक देखणी दिसते.

ह्याला एक पुरवणीही जोडली पाहिजे. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरानजीक ‘फ्लॅग’ व ‘सी-मी-वी ४’ ह्या दोन समुद्री तारा एकाच दिवशी तुटल्या आणि भारताचे इंटरनेट लक्षणीय मंदावले. दोन्ही तारा मुंबईत येतात. नावाने त्या दोन होत्या, मालकीने दोन होत्या. समुद्रतळावरील वाट मात्र काही अंतर जवळजवळ एकच होती. वाटेकरी एकाच फांदीवर बसलेले असतील, तर विभागणीचा आधार आभासी ठरतो.

७

एकंदरीत पाहता, भारविभागणीचा प्रश्न ‘किती जण वाहतात?’ हा आहे, आणि भारसंतुलनाचा ‘प्रत्येक जण किती वाहतो?’ हा आहे. पहिल्याचे उत्तर रचनेत असते, दुसऱ्याचे मोजमापात. पहिल्यास नियम पुरतो; दुसऱ्यास वार्ता लागते, आणि वार्ता शिळी असेल तर आर्पानेटसारखी आंदोलने होतात. सुरक्षितता हा ह्या दोहोंहून वेगळा, तिसरा प्रश्न आहे : ‘एक खचला तर उरलेले वाहू शकतील काय?’ विभागणी वा संतुलन ह्यांपैकी कोणतीही संज्ञा त्याचे उत्तर आपोआप देत नाही. ते उत्तर राखून ठेवलेल्या मोकळ्या क्षमतेत आणि खरोखर भिन्न असलेल्या वाटांत असते.

परिभाषेच्या दृष्टीने म्हणून असे सुचविता येईल. ठरीव नियमाने वाटे पाडणाऱ्या क्रियेस ‘भारविभागणी’, मोजून वाटे सुधारणाऱ्या क्रियेस ‘भारसंतुलन’, आणि भार नाकारण्याच्या क्रियेस रूढ झालेला ‘भारनियमन’ हाच शब्द ठेवावा. ‘भारवाटप’ हा शब्द तिन्हींच्या वरचा सामान्य शब्द म्हणून मोकळा राहू द्यावा. ज्या व्यवस्थेत तराजू नाही तिला संतुलनाचे नाव देऊ नये, इतके पथ्य मराठी लेखकाने पाळले, तरी वाचणाऱ्या अभियंत्यास नेमका प्रश्न विचारता येईल : येथे भार मोजतो कोण, आणि मोजल्यावर करतो काय?